शॉकअपची खाच आणि अम्मींची कंबर



आमच्या घरी मोटारसायकल एकच आहे. रोज सकाळी आम्ही तिच्यावरून १८ किलोमीटरवरच्या शाळेत जातो. संध्याकाळी भाचा क्लासला नेतो. रविवारी अम्मींना मागे बसवून आम्ही खालाजानच्या गावी जातो. दोघी बहिणी आता सत्तरीला टेकल्या आहेत. आठवड्यातून एकदा भेटल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर अम्मींनी हे जाणे अचानक बंद केले. एका गतिरोधकावर मागून ‘खट्’ असा लोखंडी आवाज आला होता आणि अम्मींच्या तोंडून “या अल्लाह” निघाले होते. त्यानंतर चार दिवस त्या पलंगावरून उठल्या नाहीत. पुढच्या रविवारी आम्ही गाडी काढली, तर म्हणाल्या, “नको बाबा, अब मैं गाडी पे नै बैठती.” घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली. वय झाले, हाडे ठिसूळ झाली, असे आम्हीही म्हणालो. तीन महिने दोघी बहिणी फोनवरच बोलत राहिल्या. गाडीकडे पाहण्याचे कुणाला सुचले नाही.

मग एकदा साखळी ताणायला गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाल्या चाचांनी सीट दोनदा दाबून पाहिली आणि विचारले, “सर, मागे कोण बसतं?” आम्ही म्हणालो, “अम्मी.” “आणि खाच किती वर्षं हीच?” आम्हाला प्रश्नच कळला नाही. चाचांनी वाकून शॉकअपच्या खालची एक मातीने माखलेली रिंग दाखवली. गाडी घेतली तेव्हा ती दुसऱ्या खाचेवर होती. सहा वर्षे तिथेच होती.

हिरो स्प्लेंडर प्लस किंवा बजाज पल्सर १५० यांसारख्या, आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या गाड्यांना मागे दोन शॉकअप असतात आणि त्यांना ५ खाचा असतात. काही गाड्यांना मागे एकच शॉकअप असतो, त्यालाही बहुधा अशा खाचा असतात. त्या कशासाठी, हे विज्ञानाच्या तासाला शिकवतो त्यातूनच समजते. स्प्रिंगला १०० ग्रॅम वजन लटकवले तर ती जितकी ताणते, त्याच्या दुप्पट २०० ग्रॅमला ताणते. गाडीची स्प्रिंग ताणण्याऐवजी दबते, एवढाच फरक. बसणाऱ्याचे वजन जितके जास्त, तितकी गाडी आधीच खाली बसते आणि खड्ड्याचा धक्का झेलायला शॉकअपजवळ कमी जागा उरते. ती जागा संपली की लोखंड लोखंडावर आपटते. ‘खट्’ आवाज तोच होता.

रिंग वरच्या खाचेवर नेली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. पुष्कळांना वाटते, की त्यामुळे स्प्रिंग कडक होते. तसे नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते आणि धक्क्यासाठी जागा परत मिळते. स्प्रिंग वजन पेलते, तर शॉकअपमधले तेल तिचे उसळणे थांबवते. सीट जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. ती पुन्हा पुन्हा हेलकावत राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले, तर शॉकअप संपला आहे. मग कुठलीही खाच उपयोगाची नाही.

मास्तरकीची सवय, म्हणून आम्ही घरी येऊन मोजमापच केले. तुम्हीही करू शकता. गाडी डबल स्टँडवर लावा, म्हणजे मागचे चाक मोकळे लटकेल. चाकाच्या मधल्या नटापासून सरळ वर सीटखाली चिकटपट्टीची खूण करा आणि टेपने अंतर मोजा. मग स्टँड काढून, नेहमी बसता तसे दोन्ही पाय वर घेऊन बसा. एकाने पुढून हँडल धरावे, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते. हा फरक चाकाच्या एकूण वर-खाली हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा, असा ढोबळ नियम आहे.

आमच्या गाडीची हालचाल सुमारे ८० मिलिमीटर. म्हणजे २० ते २७ मिलिमीटर योग्य. दुसऱ्या खाचेवर आम्ही एकटे बसलो तेव्हा गाडी २२ मिलिमीटर बसली. अम्मींना हात धरून मागे बसवले, तर ४८! निम्म्याहून अधिक जागा गाडी हलण्याआधीच संपलेली. पाचव्या खाचेवर हाच आकडा ३६ वर आला. नियमापेक्षा अजून जास्तच, पण धक्क्यासाठी ३२ ऐवजी ४४ मिलिमीटर मोकळे झाले. टेप हातात धरून आम्ही बराच वेळ उभे होतो. तीन महिने ज्याला अम्मींचे वय म्हणत होतो, त्यातला मोठा वाटा या रिंगचा होता.

दुसरी चूक आम्ही लगेचच केली. रिंग पाचव्या खाचेवरच ठेवली. दुसऱ्या दिवशी भाचा एकटा गेला. त्याचे वजन ५८ किलो आणि हात जरा वेगवान. उखडलेल्या रस्त्यावर त्याने ब्रेक दाबला, तेव्हा मागचे चाक उड्या मारू लागले आणि वाळूवर सरकले. पडला नाही, अल्हम्दुलिल्लाह, पण घरी आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. हलका माणूस उंच खाचेवर बसला की गाडी पुरेशी बसतच नाही. मग खड्ड्यात उतरायला चाकाला जागा राहत नाही आणि ते जमीन सोडते. खाच अशी माणसागणिक बदलावी लागते.

चालवण्याच्या पद्धतीचाही संबंध आहे. वेगात जाऊन उशिरा ब्रेक दाबणाऱ्याची गाडी पुढे जास्त झुकते. साध्या गाड्यांच्या पुढच्या शॉकअपला खाच नसते. तिथे वेळेवर तेल बदलणे आणि गळके सील बदलणे एवढेच हाती आहे. बाकीचे काम चालवणाऱ्याच्या हाताने, म्हणजे ब्रेक आधी आणि हळूहळू दाबून करायचे.

खाच बदलताना इंजिन बंद आणि गाडी डबल स्टँडवर हवी. गाडीबरोबर मिळालेला आकड्यासारखा पाना वापरावा. तो निसटून बोटे सोलतात, म्हणून हातात जाड कापड घ्यावे. दोन शॉकअप असतील तर दोन्हींची खाच एकच हवी. स्प्रिंग आखूड होत गेली, की आपण वरच्या खाचेकडे चाललो आहोत असे समजावे. शॉकअप स्वतः उघडू नये, त्यात दाबलेली स्प्रिंग असते आणि काहींत वायूही असतो. दोघे बसणार असाल तेव्हा टायरमधली हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे वाढवावी. गाडी मागे बसली की दिव्याचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो, तोही रात्री तपासावा.

आणि ईदच्या दिवशी एका गाडीवर चौघे निघतात, त्यांच्यासाठी सहावी खाच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे चालकामागे एकच माणूस बसू शकतो.

आता आमच्या घरी गाडीच्या किल्लीला एक पुठ्ठा बांधला आहे. त्यावर लिहिले आहे: एकटे, दुसरी खाच, अम्मींसोबत, पाचवी. बदलायला पाच मिनिटे लागतात. अम्मींची कंबर त्याने बरी झाली, असे आम्ही म्हणणार नाही. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम चालूच आहे आणि गतिरोधकावर आम्ही गाडी अगदी सावकाश घेतो. पण खालाजानकडे जाणे पुन्हा सुरू झाले. रविवारी बुरखा घालून अम्मी अंगणात येतात, सीटवर हात ठेवतात आणि बसण्याआधी विचारतात, “खाच बदल्या क्या?”