आईचा रिपोर्ट आधी आईला

गेल्या शुक्रवारी आईच्या गालाच्या आतला छोटा तुकडा बायोप्सीसाठी काढला. रिपोर्ट येत्या गुरुवारी मिळेल. तोवर भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये सगळे हळू आवाजात बोलतात. आई तेवढी नेहमीच्या आवाजात बोलते.

तिच्या तोंडातली जखम तीन आठवडे भरली नव्हती. गुडाखू किती वर्षं लावता, असं डॉक्टरांनी विचारलं. लग्न होऊन इथं आल्यापासून, ती म्हणाली. तंबाखू आणि गुळाचा हा लगदा छत्तीसगडमध्ये कितीतरी बायका दात-हिरड्यांना लावतात. दातदुखीवर म्हणून सुरुवात होते आणि मग सुटत नाही.

नंतर डॉक्टर माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलले. कॅन्सरची शंका आहे, त्यांना आत्ताच सांगू नका. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर आईने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणाले, काही नाही, साधी तपासणी.

"साध्या तपासणीले टाके पडते का?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपण पहिल्या पिढीचे पदवीधर घरातले वाचणारे असतो. बँकेची नोटीस, जातीच्या दाखल्याचा अर्ज, दवाखान्याची फाइल, सगळं आपल्या हातात येतं. दुसऱ्यासाठी वाचता वाचता आपण त्याच्यासाठी ठरवायलाही लागतो. 'तिला झेपणार नाही' हे वाक्य मला प्रेमाचं वाटलं होतं. पण कोणतं ज्ञान कुणाला पेलेल हे वरच्याने ठरवायचं, ही तर जातीची जुनी रीत. मी समाजशास्त्रात तिच्यावर पानं भरते आणि घरी तीच चालवत होते.

गोंदियाची मावशी फोनवर म्हणते, सांगू नको, हाय खाईल. तिची काळजी खरी आहे. काहींना खरंच ऐकायचं नसतं आणि तोही त्यांचा हक्क आहे. पण ते आपण गृहीत का धरायचं? विचारावं. रविवारी विहारातून परतताना मी आईला विचारलं, रिपोर्ट आला की सगळं तुला सांगू, की बाबांना?

"तोंड माहं हाये, तं रिपोर्ट कोनाचा?"

मग मी मला माहीत होतं ते सांगितलं. तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात, केसाहून पातळ काप काढून रंगवतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कधी जादा चाचणी लागते, म्हणून उशीर झाला म्हणजे वाईटच बातमी असं नाही. वाईट निघालं तर मेणाचा ठोकळा आणि स्लाइड मागून दुसरीकडे दाखवता येतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आपल्याला कळणाऱ्या भाषेत माहिती, कागदपत्रांच्या प्रती आणि दुसरं मत, हे तिन्ही हक्क आहेत.

आईने प्रश्न लिहून घ्यायला लावले. तिखट कधी खाता येईल? आत्ता गुडाखू सोडून फायदा आहे का? बाबा दोन वर्षांनी रिटायर होतील, मग औषधाचं काय? हा शेवटचा प्रश्न ती एकटीच मनात घोळवत होती. मी खरं लपवलं असतं तर तो तिने मला कधीच विचारला नसता.

शुक्रवारी बाकावर शेजारी एक बाई होती. तिचा नवरा ठेकेदाराकडे कामाला. जोनाथन पॅरी यांनी भिलाईवरच्या 'क्लासेस ऑफ लेबर' या ग्रंथात 'नोकरी' आणि 'काम' यांच्यातली दरी मांडली आहे. ती दरी त्या बाकावर होती. बाबांची रजा भरपगारी, तिच्या नवऱ्याची रोजी बुडालेली. आणि तिच्याजवळ तर इंग्रजी समजून खोटं सांगणारंही कुणी नव्हतं. म्हणून हा प्रश्न फक्त आपल्या घरापुरता नाही. डॉक्टरांनी रुग्णाकडे बघून, रुग्णाच्या भाषेत बोलावं, हे शिकलेल्यांनी तिथंच, सगळ्यांसाठी मागायला हवं. त्या दिवशी मी ते मागितलं नाही.

गुरुवारी रिपोर्ट मी आईसमोर मोठ्याने वाचणार आहे. अडलेला शब्द डॉक्टरांना तिच्यासमोरच विचारीन. काल रात्री तिला म्हटलं, मला भीती वाटते.

"तू नुसतं वाच," ती म्हणाली. "भ्यायचं का नाही, ते मी पाहीन."