रविवार कोणाचा?

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आठवड्याला ९० तास काम करण्याचा पुरस्कार केला. कर्मचाऱ्यांकडून रविवारी काम करवून घेता येत नाही, याची खंतही त्यांनी बोलून दाखविली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत भीषण स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखी पडले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि एकाच महिन्यात एकीकडे कामाच्या तासांचा हिशेब मांडला जात होता आणि दुसरीकडे कामावर गेलेली माणसे घरी परतली नव्हती, हे विसरता येत नाही. अशा वेळी विश्रांतीविषयीची देवाची आज्ञा पुन्हा एकदा विचारात घेणे अगत्याचे आहे.

प्रिय वाचकहो, रविवारची सुट्टी आपण गृहीत धरतो. परंतु महाराष्ट्रातील श्रमिकाला ती सहजासहजी मिळालेली नाही. ब्रिटिश अमदानीत सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत. मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र यंत्रांच्या साफसफाईसाठी त्या दिवशीही जावे लागे. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन साप्ताहिक सुट्टीची मागणी केली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत झालेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले व दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे कामगारविषयक परिपत्रक १५ मे १८९१ चे आहे. त्यातही रविवारच्या विश्रांतीचा आग्रह आहे. म्हणजे मुंबईच्या श्रमिकांनी आपला हक्क त्याआधी सुमारे एक वर्ष मिळविला होता. ख्रिस्ती माणसाच्या रविवारवर सत्यशोधक चळवळीचे हे ऋण आहे.

बायबलमध्ये शब्बाथाची आज्ञा दोन ठिकाणी येते. निर्गमाच्या ग्रंथात तिचे कारण सृष्टीची निर्मिती हे आहे; अनुवादाच्या ग्रंथात मिसर देशातील गुलामगिरीची आठवण हे आहे. ज्यांना एकेकाळी विसावा नाकारला गेला, त्यांनी तो इतरांना नाकारू नये, हा त्यातील मथितार्थ होय. म्हणूनच या आज्ञेत घरधन्याबरोबर दास, दासी, परदेशी, इतकेच नव्हे तर बैल आणि गाढव यांचाही समावेश आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू न ठेवणाऱ्या आपल्या विदर्भातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आपण मात्र शब्बाथाचा विचार बहुधा ‘मला वेळ कसा मिळेल?’ एवढ्यापुरताच करतो. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २१८७ वा परिच्छेद याहून पुढे जातो. प्रभूचा दिवस पाळण्यात अडथळा येईल असा भार विनाकारण दुसऱ्यावर टाकू नये, असे तो बजावतो. या निकषावर आपली कुटुंबे कितपत उतरतात? मिस्सा आटोपून सर्व मंडळी निवांत बसतात, तेव्हा पाहुण्यांच्या स्वयंपाकात घरातील आईचा रविवार सरतो. धुण्याभांड्यांच्या बाईंना त्याच दिवशी जास्तीचे काम सांगितले जाते. मुलांच्या वाट्याला शिकवणीचे वर्ग येतात. आपल्या धर्मग्रामांतील बैठका आणि कार्यक्रमही त्याच दिवशी एकापाठोपाठ एक ठेवले जातात. त्याची जबाबदारी आम्हा धर्मगुरूंवरही आहे.

कारखान्यातील पाळी, रुग्णालय, अग्निशमन, रेल्वे अशा सेवांमधील बांधवांना रविवार मोकळा मिळेलच असे नाही. ख्रिस्तसभा हे जाणते. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेत सहभागी होऊनही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. अशा कुटुंबांनी आठवड्यातील दुसरा एखादा दिवस ठरवून घ्यावा आणि नातलगांनीही तो मानावा.

कायदाही आठवड्यातून एक दिवस सुट्टी देतो, पण बिनकराराच्या घरकामापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. तेथे ती सुट्टी देणे आपल्याच हाती आहे. येत्या रविवारी घरकामाच्या बाईंना पगार न कापता सुट्टी द्यावी आणि त्या दिवशीची भांडी घरातील सर्वांनी मिळून घासावीत. आपल्या घरी शब्बाथ आला, असे त्या दिवशी म्हणता येईल.