ठिणगी दिसली म्हणजे प्लग चांगला?

१/८
हर्सूलहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुनी मोटारसायकल बंद पडली, की मेकॅनिक प्लग काढतो, वायर जोडून तो इंजिनाच्या धातूला टेकवतो आणि किक मारतो. निळी ठिणगी दिसली की प्लग चांगला. ही चाचणी मोटारीइतकीच जुनी आहे आणि तितकीच अपुरी. तिचा अपुरेपणा समजल्याखेरीज मोटारीचा इतिहास नीट समजत नाही.

२/८
लेन्वारने १८६० मध्ये वायूवर चालणारे इंजिन विजेच्या ठिणगीने पेटवले. बेंझच्या १८८६ च्या मोटारीतही ठिणगीच होती. डाइमलरने मात्र तापलेल्या नळीवर भरवसा ठेवला. १९०२ मध्ये बॉशकडील होनोल्डने उच्चदाबाचा मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी सिद्ध केली. लोकप्रिय इतिहास बहुधा येथेच थांबतो. खरी अडचण येथून पुढे होती.

३/८
उघड्या हवेत ठिणगी पडणे सोपे असते. सुरुवातीच्या इंजिनांत इंधन आणि हवा यांचे मिश्रण सुमारे चौपट दाबले जाई. दाबलेल्या वायूतून ठिणगी पडण्यास कितीतरी अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे बाहेर उत्तम ठरलेला प्लग सिलिंडरमध्ये मुका होई.

४/८
दुसरा शत्रू उष्णता. चिनीमातीचे आवरण थंड असताना वीज अडवते. तापले की तिचा विद्युतरोध घटतो. उष्णतेच्या धक्क्याने त्याला बारीक तडेही जात. म्हणून काही कारखाने अभ्रकाचे आवरण वापरत.

५/८
तिसरा पेच सर्वांत नाजूक. प्लगचे टोक फार थंड राहिले तर काजळी साचून वीज तिच्यातून निसटते. फार तापले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटते. एका इंजिनाचा उत्तम प्लग दुसऱ्यात निकामी ठरतो, तो यामुळेच.

६/८
पहिल्या महायुद्धात हा प्रश्न वैमानिकांच्या जिवावर आला. १९२० च्या सुमारास अमेरिकेच्या विमानविद्या समितीने प्लगांचे दोष आणि चाचण्या यांवर स्वतंत्र अहवालच काढला. तापलेल्या आवरणाचा विद्युतरोध, वायूची गळती, आवरणाची मजबुती अशा कसोट्यांनी प्लग पारखले जाऊ लागले. ‘चालतो’ आणि ‘भरवशाचा आहे’ यांतील अंतर आता मोजता येऊ लागले.

७/८
शोधाशिवाय चाचणी कशाची, हा आक्षेप रास्त आहे. पण महाराष्ट्राच्या मोटार-इतिहासात पारडे फारच एका बाजूला झुकले आहे. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना (१९२८), वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४), वाळूजचा बजाजचा प्रकल्प (१९८५) यांची स्थापना सांगितली जाते. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचे नाव मात्र क्वचितच निघते.

८/८
‘पहिली मोटार कोणी आणली’ याइतकाच ‘ती वाटेत का बंद पडे आणि ते कसे थांबले’ हा प्रश्न ऐतिहासिक आहे. त्याची काही उत्तरे दफ्तरांत आहेत, काही गॅरेजांत. प्लगवरील काजळीचा रंग पाहून इंजिनाचे दुखणे ओळखणारे फियाटच्या काळातील कारागीर आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या मुलाखती नोंदवण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही. मात्र विलंब झाला, तर इतिहासाचे हे साधन कायमचे हरपेल.