दहा नंबरचा पाना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी सहकुटुंब बाहेर पडायचे म्हणून आमची जुनी मारुती ८०० सुरू करायला गेलो, तर नुसतेच 'टक्-टक्'. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून लगेच निदान केले, "साहेब, बॅटरी गेली. नवीच घाला." म्हणजे काही हजारांची फोडणी!

तेवढ्यात शेजारचे काका खाली आले. "बॅटरी कसली जातेय? टोकं बघ तिची!" बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवे कीट चढले होते. काकांनी दहा नंबरच्या पान्याने आधी ऋण आणि मग धन टोकाची वायर सोडवली. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने कीट घासले. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ दिले नाही. कोरडे पुसून आधी धन, मग ऋण जोडले आणि वर व्हॅसलीनचे बोट फिरवले. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू! खर्च, चमचाभर सोडा.

१९८३च्या डिसेंबरात आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे त्यातली शेवटची गाडीही आता दहा वर्षे ओलांडून गेली आहे. वय झाले की बारीकसारीक दुखणी यायचीच. पण एके काळी सायकलचे पंक्चर काढणारे, स्टोव्हला पिन मारणारे आपले हात बॉनेटपुढेच का थिजतात? एअर फिल्टरची धूळ झटकणे, वायपरचे रबर बदलणे, उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवणे, याला पदवी लागत नाही.

मात्र हौसेलाही मर्यादा हवी. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. ब्रेक आणि स्टीअरिंग तर जाणत्या मेकॅनिकच्याच हाती द्यावे. तिथे काटकसर करायची नसते.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. ज्याला आपल्या वस्तूची नाडी कळत नाही, त्याला कुणीही कसलेही औषध लिहून द्यावे! पुढच्या रविवारी आमच्या कन्येने स्वतःच एअर फिल्टर काढून झटकला. फ्रॉकभर धूळ उडाली, आईची बोलणीही बसली. पण त्या दिवसापासून ती गाडीला 'आपली' म्हणू लागली.