निर्वाणदीप आणि पडवीतील पॉवर सप्लाय

आश्विन अमावास्येच्या रात्री पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले. परंपरेनुसार ते वर्ष इसवी सनपूर्व ५२७ होय. ज्ञानाचा प्रकाश लोपला म्हणून लिच्छवी आणि मल्ल गणराजांनी त्या रात्री दीप उजळले, असे कल्पसूत्र सांगते. जैन कुटुंबांची दिवाळी तेथून सुरू होते. तेलाच्या पणतीला वातीएवढी मर्यादा होती. आजच्या रंगीत पिक्सेल माळांना ती मर्यादा नाही. ती गृहस्थाने हिशेबाने घालून द्यावी लागते.

रत्नागिरीच्या दक्षिणेस, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे सर्वदूर परिचित असलेल्या पावस गावात, पुढे दुकान व मागे घर अशी एखादी जांभ्याची वास्तू डोळ्यांपुढे आणावी. दर्शनी बाजू दहा मीटर, दोन्ही कडांच्या पडव्या दहा-दहा मीटर. म्हणजे वळचणीची एकूण लांबी तीस मीटर. दर दहा सेंटिमीटरला एक दिवा धरल्यास ३०० दिवे, अर्थात पन्नास-पन्नास दिव्यांच्या सहा माळा लागतील.

पाच व्होल्टच्या पिक्सेल दिव्यात लाल, हिरवा व निळा असे तीन सूक्ष्म दीप असतात. प्रत्येकाचा कमाल प्रवाह साधारण २० मिलिअँपिअर. तिन्ही पूर्ण उजळून पांढरा रंग झाला की ६०. म्हणजे एका माळेस ३ अँपिअर, सहा माळांस १८ अँपिअर, आणि पाच व्होल्टने गुणल्यास ९० वॅट. पॉवर सप्लाय सतत त्याच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच राबवावा, हा जाणत्यांचा नियम. ९० ला ०.८ ने भागले की ११२.५ वॅट येतात. तेव्हा वीस अँपिअरचा, म्हणजे शंभर वॅटचा, सप्लाय अपुरा ठरतो. त्यापुढचा चाळीस अँपिअरचा घ्यावा. खरेदी करताना पेटीवरील वॅटचा मोठा आकडा न पाहता व्होल्ट व अँपिअर वाचावेत. ३५० वॅटच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पेटीतूनही पाच व्होल्टवर पुष्कळदा ६० अँपिअर, म्हणजे ३०० वॅटच मिळतात.

सप्लाय पुरेसा असला तरी तार बारीक असेल तर हिशेब चुकतो. सप्लाय दर्शनी बाजूच्या मध्यावर ठेवला तर कडेची शेवटची माळ तेथून दहा मीटरवर सुरू होते. जाणारी व परतणारी मिळून तार वीस मीटर होते. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ३ अँपिअरला सुमारे दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. उरलेल्या साडेतीन व्होल्टमध्ये निळा व हिरवा दीप मंदावतो आणि पांढरी माळ शेवटाकडे तांबूस दिसू लागते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास ही घट अर्ध्या व्होल्टवर येते. म्हणून प्रत्येक माळेस सप्लायपासून स्वतंत्र, पुरेशी जाड तार न्यावी. एका माळेतून दुसरीस वीज पुरवू नये. दोन सप्लाय वापरल्यास त्यांच्या ऋण तारा एकत्र जोडाव्यात, धन तारा मात्र कधीही जोडू नयेत.

खरा धोका याच बारीक तारेत दडलेला असतो. दहा मीटरवरच्या टोकाशी शॉर्टसर्किट झाले, तर त्या तारेच्या रोधामुळे प्रवाह सुमारे नऊ-दहा अँपिअरच वाहतो. चाळीस अँपिअरच्या सप्लायला तो नेहमीचाच भार वाटतो. घराच्या एमसीबीला तर काहीच कळत नाही, कारण २३० व्होल्टच्या बाजूस जेमतेम एक अँपिअरही जात नाही. तार व सैल सांधा मात्र तापत राहतात. आणि दुकानाच्या पडवीत बारदान, खोकी, सुतळी असतेच. यावर उपाय स्वस्त आहे: प्रत्येक तारेच्या आरंभी पाच अँपिअरचा फ्यूज बसवावा.

पावसची खारी हवा तांब्याचे सांधे खाते आणि परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळू शकतो. म्हणून सांधे जलरोधक करावेत. सप्लाय प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये. त्याची उष्णता आत कोंडते. तो भिंतीच्या आडोशाला, हवा खेळेल अशा जागी ठेवावा, त्याचे धातूचे कवच अर्थिंगला जोडावे आणि त्या जोडणीवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा.

एवढी तजवीज केल्यावर दिवे पूर्ण तेजाने जाळावेत काय? कंट्रोलरवर प्रखरता तीस टक्के ठेवली तर १८ अँपिअरचे साडेपाचच्या आसपास होतात. तारेतील घटही त्याच प्रमाणात उतरते. सप्लायची निवड मात्र पूर्ण भारावरूनच करावी, कारण एका चुकीच्या आज्ञेने सर्व दिवे क्षणात पांढरे होऊ शकतात. यात विजेची बचत थोडीच. पूर्ण तेजावरही पाच तासांना साधारण अर्धे युनिट जळते. मंद प्रकाशाचे कारण निराळे आहे. प्रखर पांढऱ्या-निळ्या उजेडाकडे पतंग व चिलटे झेपावतात, पिवळसर मंद उजेडाकडे कमी. ज्या घरात सूर्यास्तानंतर जेवण वर्ज्य असते, त्या घराच्या दाराशी रात्रभर जीवहिंसा चालावी, हे शोभत नाही. टायमर लावून दहाच्या सुमारास माळा बंद कराव्यात.

उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात गौतमस्वामींना अप्रमादाचा उपदेश आहे. त्याच गौतमस्वामींना महावीरांच्या निर्वाणानंतर केवलज्ञान झाले. वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीत पहिली ओळ लिहिण्यापूर्वी माळांचा हा छोटा हिशेब कागदावर मांडावा आणि एक तास दिवे लावून प्रत्येक सांध्याजवळ हात नेऊन पाहावा. जो सांधा ऊन लागेल, त्याची माळ त्या रात्री लावू नये. तिच्या जागी एक पणती पुरेशी आहे.