पिल्लाची आई दाखवा, मग पैशांचं बोला

लोणीच्या बाजारात गाय घ्यायला गेलेला देवळाली प्रवऱ्याचा शेतकरी दावं हातात घेण्याआधी किती गोष्टी बघतो! जबडा उघडून दात बघतो, कासेवरून हात फिरवतो, चारही सडांतून धार येते का ते पिळून पाहतो, वेत कितवं ते विचारतो. कालवड घ्यायची तर आधी तिच्या आईच्या दुधाची चौकशी. त्याच घरात कुत्र्याचं पिल्लू मात्र मोबाइलवरचा फोटो पाहून ठरतं. पैसे ऑनलाइन जातात आणि पिल्लू हायवेच्या कडेला खोक्यातून हातात पडतं. त्याची आई कुठे आहे, हे कुणी विचारतच नाही.

राहुरी तालुक्यात कुत्र्याची गरज खरी आहे. उसाच्या पट्ट्यात घरं वस्त्यांवर विखुरलेली, बिबट्याचा वावर नेहमीचा, रात्रीची लाइट असली की पाणी भरायला अंधारात जाणं आलंच. अशा वस्तीवर भुंकणारं जनावर हवंच. पण या गरजेवर जो पिल्लांचा धंदा उभा राहिला आहे, त्यात लॅब, जर्मन शेफर्डबरोबर बर्फाळ मुलखातला हस्कीही नगरच्या उन्हाळ्यात विकला जातो. 'डबल बोन' म्हणून जादा पैसे घेतले जातात, आणि अशी कुठलीही जात अस्तित्वातच नाही.

या धंद्याला नियम आहेत, हे बहुतेकांना माहीत नसतं. केंद्र सरकारने 2017 मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. त्यानुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय लावायची नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही, आयुष्यात पाचच्या वर नाही. पिल्लाला मायक्रोचिप आणि लसीकरणाची नोंद हवी. प्रत्यक्षात महिन्या-सव्वा महिन्याची पिल्लं सर्रास हातोहात जातात. हे नियम ज्या कायद्याखाली येतात त्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. एवढ्या दंडाला कोण भिणार? म्हणूनच या धंद्याला शिस्त लावण्याची खरी ताकद आज गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

आठ आठवड्यांची अट उगाच नाही. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं हे पिल्लू याच काळात शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे घरातल्या लेकरांना चावरं निघालं, की दोष त्याच्या जातीला दिला जातो.

दुसरा धोका पार्वो या विषाणूजन्य आजाराचा. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे विक्रेत्याकडे टुणटुणीत दिसलेलं पिल्लू घरी आल्यावर चार दिवसांनी ओकू लागतं, रक्ताची हगवण लागते, सलाइन लावूनही अनेकदा हाती लागत नाही. तोवर विक्रेत्याचा फोन बंद. म्हणून जागेवर जाऊनच बघायचं. आईच्या कासेला दूध आहे का, ती माणसाला बिचकते का, अंग खंगलेलं आहे का? पिल्लाच्या हिरड्या गुलाबी हव्यात. फिक्या असतील किंवा बरगड्या दिसत असून पोट नगाऱ्यासारखं असेल, तर जंतांची शंका घ्यावी. शेपटीखालची जागा कोरडी हवी. लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा. नुसती पेनाने बरोबरची खूण चालणार नाही.

'पेपरवालं पिल्लू' या शब्दानेही फसगत होते. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं. ते तब्येतीची हमी नाही आणि ब्रीडरचा सरकारी परवानाही नाही. दोन्ही कागद वेगळे मागावेत. लॅब आणि शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढीजात चालतो. आईबापांच्या खुब्याचा एक्स-रे काढलाय का, या प्रश्नावर चांगला ब्रीडर चिडत नाही, फाइल काढतो. तो उलट तुमचीच चौकशी करतो: घरात कोण असतं, कुत्रं रात्री कुठे झोपणार?

हा शेवटचा प्रश्न आपल्या भागात जीवन-मरणाचा आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आहाराचा सुमारे 39 टक्के भाग, वजनाच्या हिशेबाने, पाळीव जातीच्या कुत्र्यांचा निघाला. साखळीने बांधलेलं कुत्रं बिबट्यापासून पळूही शकत नाही, मग ते वीस हजारांचं असो वा फुकटचं. पक्क्या जाळीची, वरून बंद खोली जमत नसेल तर पिल्लू आणूच नये. नुसतं राखणीला हवं असेल, तर लस दिलेलं गावठी पिल्लू इथल्या हवेला सरावलेलं असतं आणि आल्यागेल्याची चाहूल तितकीच चोख देतं.

नगरपरिषदेने आणि पशुसंवर्धन विभागाने एक साधं काम करावं: जिल्ह्यातल्या नोंदणीकृत ब्रीडरांची यादी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर लावावी. आणि पिल्लू घेणाऱ्याने फोनवरच तीन गोष्टी विचाराव्यात: नोंदणी क्रमांक काय, पिल्लाची जन्मतारीख काय, आई बघायला कधी येऊ? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर एक रुपयाही पाठवू नका.