मरणाला मरण म्हणा

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर, चिंचपाडा नावाचे एक लहानसे स्थानक आहे. भोवती भिल्ल, मावची, गावित अशा आदिवासींचे पाडे. १९४२ पासून तेथे एक ख्रिस्ती रुग्णालय आहे. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हे, इतर ख्रिस्ती बांधवांनी उभारलेले. पण म्हणून त्याचे मोल आपल्याला कमी नाही. पावसाळ्यात शेतात सर्पदंश झालेला माणूस तेथे आणला जातो. तो वेळेत पोचला तर वाचतो, भगताच्या मंत्रात वेळ गेला तर बहुधा दगावतो. अशा ठिकाणी मरणाला दुसरे गोड नाव देण्याची चैन कुणाला परवडत नाही. मेलेला माणूस मेला, एवढेच तेथे म्हणतात. मग रडतात आणि पुरतात किंवा जाळतात.

शहरांत मात्र मरणाला नवे नाव मिळाले आहे. टॅरो नावाच्या पत्त्यांच्या संचात तेराव्या क्रमांकाचा पत्ता मृत्यूचा असतो. भविष्य पाहायला बसलेल्या गिऱ्हाइकापुढे तो उलटला की सांगणारा घाईघाईने म्हणतो, घाबरू नका, हा पत्ता मरणाचा नव्हे, परिवर्तनाचा. जुने संपून नवे सुरू होणार आहे, कदाचित नोकरी बदलेल. गिऱ्हाईक निःश्वास सोडते आणि दक्षिणा देऊन उठते. हे दृश्य आता केवळ परक्या घरांतले राहिलेले नाही. जपमाळ ज्या घरात नेमाने म्हटली जाते, त्याच घरातील मोबाईलवर आज रोजचा पत्ता उघडला जातो. म्हणून या एका पत्त्याविषयी स्पष्ट बोलणे आम्हाला आवश्यक वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे: या पत्त्यावरील चित्र खरे बोलते आणि त्याचा अर्थ विकणारा ते खरे झाकतो.

आधी चित्र पाहू. आज सर्वाधिक प्रचारात असलेला संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. आर्थर एडवर्ड वेट याने तो योजला आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने रेखाटला. तेराव्या पत्त्यावर काळे चिलखत घातलेला एक सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसून पुढे येत आहे. त्याच्या हाती काळा झेंडा, झेंड्यावर पांढरा गुलाब. घोड्याच्या पायांशी एक राजा मरून पडला आहे. एक तरुणी गुडघ्यांवर कोसळली असून तिने तोंड फिरवले आहे. तिच्याजवळचे लहान मूल मात्र मान वर करून पाहत आहे. समोर सोनेरी वस्त्रांतील एक बिशप हात जोडून उभा आहे. दूर नदी वाहते आणि क्षितिजावर दोन बुरुजांच्या मध्ये सूर्य दिसतो.

ही कल्पना वेटची स्वतःची नव्हे. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले, तेही खेळण्यासाठी. १३४८ च्या महामारीने युरोपची गावेच्या गावे ओस पाडली होती. तिच्या स्मृतीतून चर्चच्या भिंतींवर मरणाची चित्रे उमटली. त्यांत सांगाडा राजाला, पोपला, व्यापाऱ्याला आणि भिकाऱ्याला एकाच रांगेत नेतो. तोच सांगाडा पत्त्यांवरही उतरला. मिलानच्या सरदारघराण्यासाठी रंगवलेल्या जुन्या संचात त्याच्या हाती धनुष्य आहे. पुढे फ्रान्समधील मार्सेयच्या छापील संचात तो मोठ्या विळ्याने माणसांची पेरणी कापतो. त्या पत्त्यावर पुष्कळदा नावच छापलेले नसते, फक्त तेराचा आकडा. ज्या काळाने हे चित्र काढले त्याला सांगाड्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता.

मग हे भविष्य आले कोठून? १७८१ साली कूर द जेबेलँ या फ्रेंच विद्वानाने असे ठोकून दिले की हे पत्ते म्हणजे प्राचीन मिसर देशातील पुरोहितांचे गुप्त ज्ञान होय. त्या वेळी मिसरी चित्रलिपी वाचता येणारा एकही माणूस जगात नव्हता. शांपोल्योंने तिचा उलगडा केला तो १८२२ साली. म्हणजे जो ग्रंथ कुणालाच वाचता येत नव्हता त्यातील रहस्य आधीच बाजारात आले होते! या दंतकथेचा समाचार ज्यांनी सर्वाधिक कसून घेतला ते ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने दाखवून दिले की टॅरो हा शतकानुशतके निव्वळ पत्त्यांचा खेळ होता. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात तो आजही खेळला जातो. त्या खेळाशी आमचे भांडण नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. ज्या स्मिथबाईंनी हे चित्र काढले त्यांनी दोनच वर्षांनी, १९११ साली, कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि १९५१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतात त्या गरिबीत वारल्या. ज्या चित्रांवर पुढे जगभर कोट्यवधींची उलाढाल झाली, त्यांच्या कर्त्रीच्या हाती त्यातले फारसे काही पडले नाही. पत्त्यांनी तिचे भविष्य उजळले नाही, एवढी नोंद पुरे.

आता अर्थ. परिवर्तनाचा अर्थ अगदीच पदरचा आहे असे आम्ही म्हणत नाही. वेटनेही एका जीवनातून दुसऱ्यात जाण्याची गोष्ट केली होती. पण त्यानेच पत्त्याचे जे अर्थ नोंदले त्यांत शेवट आणि नाश यांना पहिले स्थान आहे. आजच्या भविष्यवाल्याने पहिला भाग गाळला आणि दुसरा तेवढा विकायला ठेवला. का? कारण घाबरलेले गिऱ्हाईक परत येत नाही आणि पुरते निर्धास्त झालेलेही येत नाही. त्याला थोडी भीती आणि थोडा दिलासा अशा मिश्रणावर ठेवावे लागते. राजा मेला आहे हे चित्रात ढळढळीत दिसत असताना त्याची 'नोकरी बदलली' असे सांगणे हा अर्थ नव्हे, ही दुकानदारी आहे.

चित्रातील बिशपाविषयी काही जण म्हणतात की तो मरणापुढे दयेची भीक मागत आहे. धर्माची सत्ताही येथे लटकी पडते. आम्ही तेच चित्र पाहतो आणि आम्हाला वेगळे दिसते. राजा आडवा झाला, तरुणीने तोंड फिरवले. उभा राहून मरणाच्या तोंडाकडे पाहणारा मोठा माणूस तो एकच आहे. त्याची सोनेरी वस्त्रे त्याला वाचवणार नाहीत, हेही चित्रकर्ती लपवत नाही. राखेच्या बुधवारी धर्मगुरू आपल्या कपाळाला राख लावून आपण माती असल्याची आठवण देतात, तेव्हा ते दुसरे काय करतात? फरक एवढाच की त्या राखेचे शुल्क नसते आणि ती आपल्याला पुढच्या भेटीची वेळ देत नाही. ती जीवन बदलायला सांगते.

प्रभू येशूच्या तोंडचा दाखला घ्या. लाजरस झोपला आहे, असे त्याने प्रथम म्हटले. शिष्यांना वाटले, झोप लागली म्हणजे बरे वाटेल. तेव्हा प्रभूने आडपडदा न ठेवता लाजरस मेला असल्याचे सांगितले. मग तो कबरेपाशी गेला आणि रडला. हाक मारून उठवणे त्यानंतरचे. जो मरणाला मरण म्हणत नाही त्याला पुनरुत्थान म्हणजे काय हेही कळणार नाही. नुसते परिवर्तनच असेल तर रिकाम्या कबरेची गरज काय?

कुणी म्हणेल, एवढे कशाला रागावता, ही करमणूक आहे. मन मोकळे होते, समुपदेशनासारखेच ते. मन मोकळे होते हे खरे, आणि आपल्या धर्मग्रामांनी त्याचा विचार करावा. ज्या विधवेचे ऐकायला शेजारी बसत नाही, ती अर्ध्या तासाचे पैसे देऊन ऐकणारा शोधते. पण ऐकून घेणे वेगळे आणि ऐकता ऐकता तिच्या उद्याची किल्ली आपल्या हाती असल्याचे भासवणे वेगळे. याच्या उलट, पत्ता दिसताच पवित्र पाणी शिंपडणारे आणि त्यात सैतान कोंडला आहे असे मानणारेही आहेत. त्यांना आमचे सांगणे, पुठ्ठ्याच्या तुकड्यात इतकी शक्ती मानणे हीदेखील अंधश्रद्धाच. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने भविष्यकथनाचे सर्व प्रकार नाकारले, ते पुठ्ठ्याला भिऊन नव्हे. उद्यावर ताबा मिळवण्याची हाव देवाच्या हाती विसावण्याच्या आड येते, म्हणून.

आम्हाला खरे खुपते ते दुटप्पी वागणे. भगत सुपातले दाणे पाहतो तेव्हा आपण हळहळतो. देवळाच्या पायरीशी पोपट चोचीने पाकीट ओढतो तेव्हा हसतो. तोच प्रकार इंग्रजीत आणि वातानुकूलित खोलीत झाला की त्याला आपण आत्मशोध म्हणतो! भगताचे आम्ही समर्थन करत नाही. सातपुड्यात त्याच्या बोटाने डाकीण ठरलेल्या बायांचे हाल झाले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. सर्पदंश झालेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्याखाली गुन्हा आहे. पण शौल राजाची गोष्ट आठवा. त्यानेच भूतविद्या जाणणाऱ्यांना देशातून हाकलले आणि मग तोच वेष पालटून रात्री एन्दोरच्या बाईकडे गेला. जो मिशनच्या पेटीत आदिवासींच्या प्रबोधनासाठी दान टाकतो आणि घरी येऊन पत्ता काढतो, तो शौलाच्याच वाटेने चालला आहे. शौलाला तेथे निदान खरे तरी ऐकावे लागले: उद्या तू मरशील.

खरे भविष्य पाहायचे असेल तर तेही चिंचपाड्याच्या परिसरात पाहता येते. तेथील आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोगी असह्य वेदनांनी तळमळतो. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. लग्नाआधीच्या साध्या रक्ततपासणीने हे कळते. मार्सेयच्या सांगाड्याच्या हातातला विळा येथे प्रतीक नाही, तो रक्तात आहे. त्याला परिवर्तन म्हणून लेकरू वाचत नाही. नाव उच्चारले, तपासले, औषध दिले, तर दिवस वाढतात. नाव घेण्यात दया असते ती अशी.

फिलिप्पै नगरात भविष्य सांगणारी एक दासी होती. पौलाने तिला मुक्त केले तेव्हा तिच्या धन्यांना तिच्या सुटकेचा आनंद झाला नाही. कमाई बुडाली म्हणून त्यांनी पौल आणि सीला यांना फटके मारवून तुरुंगात टाकवले. भविष्याचा व्यापार दुखावतो तो नेहमी याच ठिकाणी.

म्हणून धर्मग्रामांतील कुटुंबांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पत्ता जाळू नका, पूजूही नका. खेळायचा असेल तर खेळा आणि पेटीत ठेवा. पण घरात कुणी मरणाच्या वाटेला लागले असेल तर त्याच्यापासून ते लपवू नका. वेळेवर धर्मगुरूंना बोलावून रुग्णाभ्यंगाचा संस्कार द्या. शुद्ध हरपेपर्यंत थांबू नका. देणी, भांडणे, वाटण्या त्याच्या हयातीत मिटवा. मुलांना अंत्ययात्रेपासून दूर ठेवू नका. चित्रातील ते मूलच पाहा, त्याने तोंड फिरवलेले नाही. आणि नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा होते तेव्हा दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांची नावे मोठ्याने घ्या. ती माणसे कुठे बदलून गेलेली नाहीत. ती मेली आहेत, आणि ती उठतील अशी आपली श्रद्धा आहे.